पुढची दोन चाके आणि परतीचा महामार्ग

हॉट हॅच या नावाने ओळखली जाणारी गाडी म्हणजे कुटुंबाच्या रोजच्या वापरासाठी बनलेल्या छोट्या हॅचबॅकच्याच सांगाड्यात अधिक ताकदीचे इंजिन, किंचित ताठ सस्पेन्शन आणि त्यातल्या त्यात बरे ब्रेक बसवून तयार केलेली गाडी होय. फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयने १९७६ पासून युरोपात हा वर्ग रूढ केला. भारतात तो बऱ्याच उशिरा, पोलो जीटी टीएसआय (२०१३), अबार्थ पुंटो (२०१५) आणि ह्युंदाई आय२० एन लाइन (२०२१) अशा मोजक्या गाड्यांच्या रूपाने आला. त्यांतल्या पहिल्या दोन पुणे जिल्ह्यातच, अनुक्रमे चाकण आणि रांजणगाव येथे, तयार होत असत, आणि उत्पादन थांबून काही वर्षे लोटली तरी पुण्या-मुंबईच्या वर्कशॉपांत त्या आजही नेहमी दिसतात. या गाड्यांचे हौशी मालक कधी ना कधी ट्रॅक डेला जातात. ट्रॅक डे ही शर्यत नव्हे. ठरावीक शुल्क भरून, हेल्मेट घालून, स्वतःच्या नंबर प्लेटच्या गाडीने पंधरा-वीस मिनिटांच्या सत्रांत बंदिस्त ट्रॅकवर गाडी पळवण्याची ती सोय असते, तिथे ओव्हरटेक करण्याचे नियम आखून दिलेले असतात आणि दिवसअखेर कोणालाही चषक मिळत नाही. मोटार विमा पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो, त्यामुळे ट्रॅकवर झालेल्या नुकसानीची भरपाई मिळेल अशी आशा धरू नये, एवढे सांगून तो विषय इथेच सोडलेला बरा.

महाराष्ट्रातील मालकाला यासाठी बहुतेक वेळा दक्षिणेची वाट धरावी लागते. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील मद्रास इंटरनॅशनल सर्किट हा सुमारे ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, कोइंबतूरचा सुमारे दोन किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे, आणि उत्तरेकडे २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या तो ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, ही त्यातली ठळक नावे. इरुंगट्टुकोट्टईची गंमत अशी की, पुण्याला वळसा घालून खंबाटकी घाटाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर, कृष्णगिरी, वेल्लोर असा फिरत अखेरीस त्या ट्रॅकच्या जवळूनच चेन्नईत शिरतो. म्हणजे पुण्याहून निघालेल्या गाडीला एकच महामार्ग धरून साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापायचे असते, दिवसभर ट्रॅकवर टायर भाजून काढायचे असतात, आणि मग त्याच टायरांवर तेवढेच अंतर परत यायचे असते. बंद ट्रेलरवर गाडी लादून नेणारे असतात, नाही असे नाही. पण ते अपवादच.

टायर निवडण्याच्या चर्चेत हा परतीचा प्रवास सहसा कोणी धरत नाही. कोणता टायर किती चिकटतो, कोणत्या टायरवर फेरी किती सेकंदांनी कमी होते, याच अंगाने बोलणे होते, कारण परदेशी चाचण्यांत आणि व्हिडिओंत तेवढेच सांगितलेले असते. पिट लेनमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबवण्यासाठी राखलेल्या पट्टीत, टायरांची हवा मोजणे, पृष्ठभागाचे तापमान घेणे, झीज पाहणे आणि गरज पडल्यास चाके बदलून देणे असे काम ज्यांनी वर्षानुवर्षे केले आहे, त्यांच्या अनुभवातून मात्र वेगळाच क्रम पुढे येतो. त्या क्रमात पकड तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर येते. त्याआधी उष्णता, पुढची दोन चाके आणि घरचा रस्ता यांचा विचार करावा लागतो. प्रस्तुत लेखातील निरीक्षणे त्याच कामातून जमलेली आहेत.

प्रथम उष्णता. रबर रस्त्याला दोन प्रकारे धरून ठेवते: एक तर ते डांबराच्या पृष्ठभागाला अक्षरशः चिकटते, आणि दुसरे म्हणजे खडीच्या बारीक उंचवट्यांवर दाबले जाऊन त्यांच्याभोवती आकार घेते व पुन्हा पूर्ववत होते. या दाबले जाण्यात आणि पूर्ववत होण्यात जेवढी ऊर्जा खर्ची पडते तेवढी सगळी परत मिळत नाही, काही भाग उष्णतेच्या रूपात रबरातच राहतो. या गुणधर्माला हिस्टेरिसिस म्हणतात आणि पकड व तापणे या दोन्ही गोष्टी त्याच एका गुणधर्मातून निघत असल्याने एक हवी आणि दुसरी नको असे करता येत नाही. रस्त्यावरच्या चांगल्या टायरचे रबर सकाळच्या गारव्यातही आणि पावसातही काम करेल अशा बेताने घडवलेले असते, त्यामुळे ट्रॅकवर दोन-तीन फेऱ्यांत ते उत्तम चालते आणि नंतर अति तापून लोण्यासारखे सुळसुळीत वाटू लागते. गाडी वळणात पुढून बाहेर सरकू लागते आणि स्टिअरिंग अधिक वळवले तरी ऐकत नाही. सेमी-स्लिक, म्हणजे जवळजवळ गुळगुळीत, मोजक्याच खाचा असलेला पण रस्त्यावर चालवण्यास मान्यता असलेला टायर, याच्या उलट वागतो: तो थंड असताना ताठ आणि अविश्वासू असतो, पण पृष्ठभाग ऐंशी-नव्वद अंश सेल्सिअसच्या घरात गेला की बराच वेळ एकसारखी पकड देतो. चेन्नईच्या उन्हात दुपारी काळे डांबर पन्नास अंशांच्या पुढे सहज जाते, आणि युरोपातल्या पंधरा-वीस अंशांच्या हवेत काढलेले निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू करणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे आहे. तिथे ज्या टायरला तापायला तीन फेऱ्या लागतात तो इथे पहिल्याच फेरीत तयार होतो, आणि तिथे जो पूर्ण सत्रभर टिकतो तो इथे निम्म्यातच दमतो.

ही उष्णता चारही चाकांत सारखी वाटली जात नाही. हॉट हॅचमध्ये इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे आणि ओढही पुढच्याच चाकांना, त्यामुळे उभ्या गाडीचे साठ टक्क्यांहून अधिक वजन पुढे असते आणि ब्रेक दाबताच ते आणखी पुढे झुकते. वळवणे, थांबवणे आणि ओढणे ही तिन्ही कामे पुढची दोन चाके करतात, मागची दोन चाके बहुतांशी गाडी सरळ ठेवण्यापुरती सोबत असतात. त्यातही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणे अधिक असल्याने वळणातला भार डाव्या पुढच्या चाकावर पडतो. दिवसअखेर चारही टायर ओळीने लावून पाहिले तर मागचे दोन जवळपास नवेच वाटावेत आणि डाव्या पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा मात्र सोलून काढल्यासारखा दिसावा, हे दृश्य पिट लेनमध्ये नेहमीचेच. तेव्हा हॉट हॅचसाठी टायर निवडणे म्हणजे मुख्यतः त्या एका डाव्या पुढच्या टायरची काळजी वाहणे होय, बाकीचे तीन त्याच्यामागून येतात.

बाजारातले टायर ढोबळमानाने चार पायऱ्यांवर बसतात. गाडीसोबत कंपनीतून आलेला टायर मायलेज आणि आराम यांकडे पाहून निवडलेला असतो. त्याच्या वरची पायरी मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ सारख्या वेगवान रस्त्यासाठी बनवलेल्या टायरांची. त्याच्या वर योकोहामा अॅडव्हान ए०५२, ब्रिजस्टोन पोटेंझा आरई-७१आरएस किंवा हॅन्कूक व्हेंटस आरएस४ यांसारखे, रस्त्यावर चालणारे पण मन ट्रॅकवर असलेले टायर. आणि शेवटी टोयो प्रॉक्सेस आर८८८आर किंवा नानकांग एआर-१ असे उघड सेमी-स्लिक. त्याच्याही पुढे निव्वळ शर्यतीचा पूर्ण गुळगुळीत स्लिक असतो, पण तो महामार्गावर चालवता येत नाही म्हणून इथे त्याचा विचार नाही. या पायऱ्या ओळखण्याची खूण म्हणून टायरच्या बाजूच्या भिंतीवर, म्हणजे साइडवॉलवर, कोरलेला ट्रेडवेअर हा आकडा सांगितला जातो. हा अमेरिकी सरकारच्या वर्गवारीतला आकडा आहे. टेक्सासमधील सॅन अँजेलोजवळच्या ठरावीक रस्त्यांवर सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर टायर पळवून, एका प्रमाण टायरच्या तुलनेत त्याची झीज काढायची आणि त्यावरून अंक द्यायचा, अशी ती पद्धत. अंक जितका मोठा तितका टायर अधिक टिकाऊ, असा त्याचा सरळ अर्थ. पायलट स्पोर्ट ४ वर तो तीनशेच्या वर असतो, ए०५२ वर दोनशे, आर८८८आर वर शंभर आणि एआर-१ वर ऐंशी.

मात्र हा अंक सरकार देत नाही, चाचणीच्या आधारे कंपनी स्वतःच तो कोरते, आणि अमेरिकेतल्या अनेक हौशी स्पर्धांनी दोनशेच्या खालचा टायर चालणार नाही असा नियम केल्यापासून कंपन्यांना दोनशे हा आकडा फारच प्रिय झाला आहे. परिणामी दोनशे कोरलेला एक टायर मोजक्या ट्रॅक दिवसांतच गोटा होतो आणि दोनशेच कोरलेला दुसरा त्याच्या दुप्पट चालतो, पण फेरीमागे थोडा मागे राहतो. ए०५२ आणि आरएस४ या जोडीत हा फरक स्पष्ट दिसतो. मोटार कंपन्यांच्या जाहिरातींतले फेरीचे विक्रमही याच चष्म्यातून वाचावेत: २००८ मध्ये रेनॉच्या मेगान आर२६.आर या हॉट हॅचने जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवर पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांचा विक्रम केला तेव्हा तिच्या पायांत टोयोचे सेमी-स्लिक होते, आणि त्यानंतरचे या वर्गातले अनेक विक्रमही खास टायरांच्या जोरावर झाले. गाडीचे कौतुक जरूर करावे. त्यातला टायरचा वाटा वजा करून करावे.

भारतात या पायऱ्यांचा निम्मा भाग कागदावरच राहतो. इथे विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असणे बंधनकारक आहे, आणि जून २०२० मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने मोटारींच्या नव्या टायरांची आयात मुक्त यादीतून काढून निर्बंधित यादीत टाकली, म्हणजे आयातीसाठी परवाना लागू लागला. मुळातच थोडक्या संख्येने खपणाऱ्या सेमी-स्लिकसाठी हा खटाटोप कोण करणार? त्यातून अबार्थ पुंटो आणि आय२० एन लाइन या दोन्ही गाड्यांचे मूळ माप १९५/५५ आर १६. या मापाचा अर्थ असा की टायरची रुंदी १९५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के, बांधणी रेडियल आणि डिस्कचा (रिमचा) व्यास १६ इंच. रोजच्या वापरासाठी हे माप उत्तम आहे, पण ट्रॅकचे टायर बनवणाऱ्या कंपन्यांचा सगळा ओढा १९५/५० आर १५ किंवा १७ इंचांच्या मापांकडे असतो. म्हणून माप बदलण्याचा मोह होतो. २०५/४५ आर १७ या मापाचा एकूण व्यास सुमारे ६१६ मिलिमीटर भरतो, मूळ मापाचा ६२१. फरक एका टक्क्याच्याही आत असल्याने स्पीडोमीटर जवळपास खरे बोलतो आणि चाक कुठे घासत नाही. परंतु साइडवॉल पंधरा मिलिमीटरने बुटकी होते, आणि पावसाळ्यानंतरच्या महामार्गावर एखाद्या खड्ड्यात चाक आदळले की टायरला फुगा येतो किंवा डिस्कला बाक. साइडवॉलवरचा फुगा म्हणजे आतले धागे तुटल्याची खूण असते आणि त्यावर इलाज नसतो. तो टायर बदलावाच लागतो.

आयात टायर कुठे मिळालाच, तर साइडवॉलवरचे चार आकडे आधी वाचावेत. त्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ याचा अर्थ २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. गोदामात पाच-सहा वर्षे पडून राहिलेला सेमी-स्लिक दिसायला करकरीत नवा असतो, नक्षीच्या कडा धारदार असतात, क्वचित त्यावरची रबरी केसही शाबूत असतात, पण अंगठ्याचे नख रुतवून पाहिले तर रबर दाद देत नाही. अशा टायरपेक्षा यंदाच्या तारखेचा साधा स्पोर्ट टायर केव्हाही सरस, हे मत टायर विकणाऱ्यांना आवडत नाही.

याच ठिकाणी एक उलटी वाटणारी गोष्ट सांगणे गरजेचे आहे. रस्त्यावरचा नवा टायर कोरड्या ट्रॅकवर जेवढा चांगला चालतो, त्यापेक्षा अर्धा झिजलेला टायर अधिक चांगला चालतो. नव्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते, वळणात भार आला की तिचे उंच ठोकळे आडवे लवतात, लवण्याने तापतात आणि मग त्यांच्या कडांचे तुकडे उडू लागतात. चार-साडेचार मिलिमीटरवर आलेले ठोकळे बुटके असल्याने कमी लवतात, कमी तापतात आणि स्टिअरिंगला चटकन प्रतिसाद देतात. अमेरिकेत काही हौशी मंडळी यासाठी नवा टायर यंत्रावर तासून घेतात. इथे ते करण्याची गरज नाही, दोन वर्षे पुण्याच्या रस्त्यांवर फिरलेला टायर तयारच असतो. अडचण एवढीच की हाच टायर परतीच्या वाटेवर पाऊस लागला तर सर्वांत आधी पाण्यावर तरंगतो. कायद्याने मोटारीच्या टायरला १.६ मिलिमीटर खोलीची अट आहे, पण महामार्गावर साचलेल्या पाण्यात ताशी शंभराच्या वेगाला तीन मिलिमीटरसुद्धा अपुरे पडतात. चेन्नईच्या बाजूला ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ असतो, आणि हौशी मंडळींच्या सहली नेमक्या दिवाळीनंतरच्या सुट्टीतच ठरतात.

टायर कोणताही घेतला तरी त्याची निम्मी लायकी हवेच्या दाबावर ठरते, आणि पिट लेनमधले सर्वांत जास्त काम याच बाबतीत करावे लागते. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो. ढोबळ हिशेब असा की आतली हवा साडेसहा-सात अंशांनी तापली की दाब सुमारे एक पीएसआय चढतो. तीस अंशांच्या हवेत ३२ पीएसआय भरून ट्रॅकवर उतरलेल्या गाडीच्या पुढच्या टायरांतली हवा ऐंशी अंशांवर गेली, की मीटर जवळजवळ ४० दाखवतो. टायर मधोमध फुगतो, रस्त्याला टेकणारा भाग आक्रसतो आणि मालक म्हणतो की टायर बेकार आहे. तेच २७ पीएसआय भरून निघाले तर त्याच तापमानाला दाब ३४ च्या आसपास स्थिरावतो, आणि सुमारे बाराशे किलो वजनाच्या हॉट हॅचच्या पुढच्या चाकांना तेवढा पुष्कळ होतो. नेमका आकडा टायरनिहाय दोन-तीन पीएसआय इकडेतिकडे होतो, पण महत्त्व असते ते गरम दाबाला. थंड दाब हा तिथवर पोहोचण्याचा केवळ अंदाज असतो. म्हणून सत्र संपवून गाडी आत आली, की हेल्मेट काढण्याच्याही आधी मीटर लावावा, कारण पाच मिनिटे गप्पांत गेली की तो आकडा खोटा होतो. मीटरही स्वतःचा असावा. पेट्रोल पंपावरचे दोन मीटर एकमेकांशी तीन-तीन पीएसआयने भांडतात. त्याच पंपांवर वेगळे पैसे घेऊन भरला जाणारा नायट्रोजन या बाबतीत फारसे काही देत नाही; साध्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो, आणि जो थोडाफार फायदा होतो तो त्यात ओलावा नसण्याचा.

या हिशेबाची दुसरी बाजू संध्याकाळी उघडी पडते. दिवसभर थोडी थोडी हवा सोडत आलेला टायर थंड झाला, की त्यात पंचवीस-सव्वीस पीएसआयच उरलेले असतात; पाच माणसे नाही तरी दोन माणसे आणि सामान घेऊन गाडी त्याच दाबावर महामार्गाला लागते, साइडवॉल सतत दुमडत राहते आणि रात्रीच्या लांब सरळ पट्ट्यावर ती आतून तापत जाते. ट्रॅकवर तावून सुलाखून निघालेला टायर वेल्लोरच्या पुढे फुटला, अशा घटनांचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते, आणि मग टायरच्या दर्जाबद्दल चर्चा सुरू होते, म्हणजे वरातीमागून घोडे.

दाबानंतर येतो कॅम्बर. समोरून पाहिले असता चाक उभ्या रेषेशी किती कललेले आहे त्या कोनाला कॅम्बर म्हणतात; चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असेल तर तो उणे. पोलो काय किंवा पुंटो काय, पुढे मॅकफर्सन पद्धतीचे सस्पेन्शन असते, त्यात एकाच उभ्या दांड्यावर शॉक अॅब्सॉर्बर, स्प्रिंग आणि चाक तोलले जाते. ही रचना स्वस्त आणि आटोपशीर आहे, पण वळणात गाडी कलली की बाहेरचे चाकही तिच्याबरोबर कलते आणि सगळा भार टायरच्या बाहेरच्या खांद्यावर येतो. कंपनीतून येणारा अर्धा-पाऊण अंशाचा उणे कॅम्बर रस्त्याला पुरतो, ट्रॅकला नाही. हे ओळखण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत: नक्षीच्या कडेपासून साइडवॉलवर खाली दोन-तीन बोटांपर्यंत खडूची किंवा बुटाच्या पांढऱ्या पॉलिशची रेघ ओढावी, पाच-सहा फेऱ्या मारून यावे आणि रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते पाहावे. नक्षीच्या कडेपाशीच थांबली असेल तर ठीक. बोटभर खाली गेली असेल तर टायर स्वतःच्या साइडवॉलवर चालतो आहे. सुई टोचून रबराच्या आतले तापमान मोजणारा मीटर हाताशी असेल तर आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन ठिकाणी तो लावावा. मध्यभाग सर्वांत गरम असेल तर हवा जास्त, बाहेरची कड बारा-पंधरा अंशांनी पुढे असेल तर कॅम्बर कमी. कॅम्बर प्लेट, म्हणजे सस्पेन्शनच्या दांड्याच्या वरच्या टोकाला लावून हा कोन बदलू देणारी पट्टी, बसवून तो दोन-अडीच अंशांपर्यंत नेला, की तोच टायर, तोच चालक आणि तीच गाडी असताना बाहेरचा खांदा टिकतो. या कामाचा खर्च सेमी-स्लिकच्या एका जोडीपेक्षा कमी येतो आणि तो दर वर्षी करावा लागत नाही. तरीही दहांपैकी नऊ मालक आधी टायर घेतात.

सर्वांत धोक्याची चूक वेगळीच आहे, आणि ती काटकसरीच्या पोटी होते. झीज पुढेच होते, तेव्हा नवे चिकट टायर दोनच घ्यावेत, पुढे लावावेत आणि मागे जुने चालवून न्यावेत, हा विचार वरवर बिनतोड वाटतो. पण वळणाच्या मध्यावर चालकाने घाबरून अॅक्सिलरेटर सोडला की गाडीचे वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात, आणि मागे जुने ताठ रबर असेल तर शेपूट सटकते. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी पुढून सरकते, एवढेच ज्याला ठाऊक आहे त्याच्या हे ध्यानीमनी नसते. तो ब्रेक मारतो आणि गाडी गोल फिरते. सारखेच चार टायर असले तरी पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत हा धोका असतोच, कारण मागच्या टायरांवर काम कमी असल्याने ते सावकाश तापतात. पुढच्या टायरांचा पृष्ठभाग ऐंशीच्या पुढे आणि मागचा जेमतेम पन्नाशीत, असे आकडे नवलाचे नाहीत. सेमी-स्लिकमध्ये थंड आणि गरम पकडीतले अंतर मोठे असल्याने ही दरी आणखी रुंदावते. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ वर जी गाडी आधी कुरकुरते, मग सरकते आणि चालकाला सावरायला वेळ देते, तीच सेमी-स्लिकवर बराच वेळ गप्प राहते आणि सुटते तेव्हा एकदम सुटते. टायरचे हे कुरकुरणे, म्हणजे वळणातला किंचाळता आवाज, नवख्या चालकाला दोष वाटतो. शिकवणाऱ्याला तो हवा असतो.

चिकट टायरांचा बोजा इतर भागांवरही पडतो. पकड वाढली की गाडी अधिक उशिरा आणि अधिक जोरात थांबवता येते, तितकीच जास्त उष्णता ब्रेकमध्ये शिरते, आणि जुने ब्रेक ऑइल उकळले की पेडल थेट तळाला जाते. त्यामुळे ताजे ब्रेक ऑइल आणि उष्णता सोसणारे पॅड नसतील तर सेमी-स्लिकचा विषयही काढू नये.

चाकांचे दोन संच, एक रस्त्याचा आणि एक ट्रॅकचा, हा यावरचा शास्त्रशुद्ध उपाय आणि तो शक्यही आहे: मागचे आसन पाडले की पोलोसारख्या गाडीत चार चाके बसतात, सोबत जॅक, पाना, टॉर्क रेंच आणि लहान कंप्रेसर. पोलोच्या चाकांना नट नसून बोल्ट असतात, ते १२० न्यूटन-मीटरला कसावे लागतात आणि पहिल्या सत्रानंतर चाक थंड झाल्यावर पुन्हा तपासावे लागतात. पण मग गाडीत सोबत्याला जागा उरत नाही, पंधरा-सोळा तासांचा प्रवास एकट्याने करावा लागतो, आणि दमलेल्या एकट्या चालकाचा धोका टायरच्या धोक्याहून मोठा असतो. दोन गाड्यांनी मिळून गेले तरच हा बेत जमतो.

वर्षातून एक-दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्या आणि गाडी चालवतच पुण्याला परतणाऱ्या मालकासाठी यातून निघणारा निर्णय सरळ आहे. मूळ मापाचा, यंदाच्या तारखेचा, वेगवान रस्त्यासाठी बनवलेला टायर चारही चाकांना सारखा घ्यावा, तो पाच मिलिमीटरच्या आसपास असताना ट्रॅकवर न्यावा, आणि उरलेले पैसे मीटर, ब्रेक ऑइल व कॅम्बर प्लेट यांवर खर्च करावेत. सेमी-स्लिक त्याने घ्यावा ज्याच्याकडे दुसऱ्या डिस्क आहेत, ज्याचे गरम दाब सत्रामागून सत्र एकसारखे येतात आणि ज्याच्या टायरवरची खडूची रेघ कडेपाशीच थांबते. इरुंगट्टुकोट्टईहून निघण्याआधी मात्र, टायर कोणताही असो, चारही चाके पूर्ण थंड होऊ द्यावीत, चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या तक्त्यातल्या आकड्याइतकी हवा भरावी, डाव्या पुढच्या टायरची आतली साइडवॉल हाताने चाचपावी, आणि फुगा किंवा चीर लागली तर त्या रात्री चेन्नईतच मुक्काम करावा.